प्रयोगशाळेंतील उंदराचें बिऱ्हाड

वाशीम जिल्ह्यांतील किन्हीराजासारख्या गांवीं वेंचलेला कापूस घरांत येऊन पडला म्हणजे त्याचा पहिला वाटेकरी बहुधा उंदीर असतो. रात्रीं तो ढिगांतून कापसाचे पुंजके ओढून नेतो, पोत्याचे धागे कुरतडून त्यांत मिसळतो आणि अडगळीच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत मुठीएवढें वाटोळें घरटें तयार करतो. झाडलोट करतांना गृहिणीच्या हातीं तें अवचित लागतें. आंत डोळे मिटलेलीं, अंगावर लव नसलेलीं, बोटाच्या पेराएवढीं गुलाबी पिलें असतात. हें घरटें बांधावयास त्या मादीस कोणीं शिकविलेलें नसतें. ऊब, काळोख, आडोसा आणि पळावयास वाट, एवढ्या चार गोष्टी मिळाल्या कीं उंदराचा संसार थाटला जातो. घरांतील मंडळींना त्या संसाराचें कौतुक नसतें, हें निराळें सांगावयास नको.

याच उंदराचा पांढरा भाऊबंद मुंबईच्या परळ भागांत कित्येक पिढ्या माणसाची चाकरी करीत आला आहे. त्याला धान्याची चिंता नाहीं, मांजराचें भय नाहीं. परंतु वरील चार गोष्टी त्यास मिळतात काय, आणि न मिळाल्यास काय होतें? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वस्तुतः ज्या ज्या घरांत औषधाची बाटली येते त्या त्या घराशीं तो निगडित आहे.

परळचा इतिहासच पाहावा. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत त्यावर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःच्या देहावर टोंचून घेतली. १८९९ मध्यें ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें गेली; १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाते. उंदराचा प्लेग माणसाकडे येतो कसा, याचा छडा लावण्यासाठीं १९०५ पासून मुंबईंत जे प्रयोग झाले, त्यांत गिनीपिगांचे पिंजरे निरनिराळ्या उंचीवर ठेवून पाहिले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतील प्राणी प्लेगानें मेले. पिसवांची उडी पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर टांगलेले प्राणी वांचले. उंदराच्या अंगावरील पिसू हीच या रोगाची वाहक होय, हें अशा प्रयोगांनीं सिद्ध झालें. पिंजरा कोठें व कसा ठेवला यावर प्राण्याचें जगणें-मरणें अवलंबून असतें, हेंही त्याच प्रयोगांत दिसून आलें.

पुढें १९४१ सालीं परळासच टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं संशोधनास आरंभ करणाऱ्यांत पुण्यांत १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या होत्या. स्तनाचा कर्करोग सहज होणारे व क्वचितच होणारे अशा उंदरांच्या निरनिराळ्या वाणांची त्यांनीं तुलना केली. असा शुद्ध वाण तयार करण्यास सख्ख्या भावंडांचा संयोग निदान वीस पिढ्या चालवावा लागतो. मग त्यांतील सर्व उंदीर रक्तानें जवळजवळ एकच होतात, आणि दोन उंदरांत फरक पडला तर तो औषधामुळें किंवा आहारामुळें पडला असें म्हणतां येतें.

परंतु येथेंच एक मेख आहे. वीस पिढ्यांच्या परिश्रमानें रक्तांतील भेद काढून टाकावा, आणि मग एक पिंजरा खिडकीशीं, दुसरा दिव्याखालीं, एक उंदीर एकटा, दुसरा सोबतीसह असें ठेवावें, तर मिळविलेलें सारें हातचें निसटतें. उंदराचें बिऱ्हाड हाही प्रयोगाचाच एक भाग होय.

याचें एक ठळक उदाहरण उबेचें आहे. प्रयोगशाळेंतील हवा माणसाच्या सोयीनें २० ते २४ अंश सेंटिग्रेड ठेवलेली असते. कामगार अंगांत डगला घालून फिरतो. त्यास ती सुखाची वाटते. चिमुकल्या उंदरास मात्र सुमारें ३० अंशांवर बरें वाटतें. त्याहून थंड जागीं देहाची ऊब राखण्यांतच त्याचें पुष्कळसें अन्न खर्ची पडतें. अमेरिकेंतील बफेलो येथील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, नेहमींच्या थंड खोलींतील उंदरांपेक्षां ३० अंशांच्या उबेंत ठेवलेल्या उंदरांच्या अंगांतील कर्करोगाच्या गांठी सावकाश वाढतात. कारण उबेंत देहाची प्रतिकारशक्ति अधिक जोमानें काम करते. कुडकुडणाऱ्या उंदरास विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर कुडकुडणाऱ्या उंदरापुरतेंच खरें असतें.

यावर उपाय काय? खोली तापविली तर माणसें घामाघूम होतील. उपाय किन्हीराजाच्या उंदरानें केव्हांच दाखविलेला आहे. पिंजऱ्यांत सहा ते दहा ग्रॅम कागदाच्या पट्ट्या किंवा तत्सम साहित्य टाकलें कीं उंदीर स्वतःच दांतांनीं त्याचे बारीक धागे करून छपरासह घरटें बांधतो आणि हवी तेवढी ऊब निर्माण करतो. घरट्याकडे पाहून त्याची प्रकृतीही कळते. वेदनेंत किंवा आजारांत असलेला उंदीर घरटें नीट बांधीत नाहीं.

मोठा पिंजरा दिला म्हणजे काम झालें, अशी एक समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. उघड्या, रिकाम्या, लख्ख उजेडाच्या जागेंत उंदीर भिंतीला चिकटून राहतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याचे शत्रू उघड्यावरच त्याला गांठीत आले आहेत. त्यास पुठ्ठ्याची नळी, लहानशी पेटी असा आडोसा हवा. त्याचे पुढले दांत जन्मभर वाढत असतात, म्हणून कुरतडावयास लाकडाचा तुकडा हवा. तारेच्या जाळीपेक्षां भुशाची जमीन त्याच्या पायांस मानवते. हें कांहींच नसलें म्हणजे तो रात्रभर एकाच कांबीस चावत बसतो किंवा त्याच जागीं कोलांट्या घेत राहतो.

प्रत्येक जातीची गरज पुन्हा वेगळी. मोठ्या पांढऱ्या उंदरास मागच्या पायांवर ताठ उभें राहतां येईल इतका उंच पिंजरा लागतो, आणि त्याला सोबत अतिशय प्रिय असते. लहान उंदरांचे अनोळखी नर मात्र एकत्र ठेवले तर रक्तबंबाळ होईतों भांडतात. त्यांस लहानपणापासूनच एकत्र वाढवावें लागतें. पिंजरा धुतांना जुन्या घरट्याचा कांहीं भाग परत ठेवला तर ओळखीचा वास टिकतो व भांडणें कमी होतात. गिनीपिगास माणसाप्रमाणेंच क जीवनसत्त्व अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि त्याला गवत व लपावयास जागा हवी.

हाताळणीचेंही तसेंच आहे. उंदीर शेंपटीनें उचलण्याची पद्धत फार जुनी आहे. लिव्हरपूल विद्यापीठांतील जेन हर्स्ट व रिबेका वेस्ट यांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, शेंपटीनें उचललेले उंदीर माणसाच्या हातास भितात. नळींत घेऊन किंवा दोन्हीं हातांच्या ओंजळींत उचललेले मात्र आपण होऊन जवळ येतात. या सुधारणेस लागतो काय, तर एक नळी आणि थोडी सबूरी! माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठांत तर २०१४ सालीं असें आढळलें कीं, खोलींत पुरुषाचा नुसता वास आला तरी उंदीर ताणाखालीं येतात, व त्या ताणांत त्यांची वेदना दबून जाते. वेदनाशामक औषधाची परीक्षा अशा वेळीं झाली तर यश कोणाचें समजावें, औषधाचें कीं परीक्षकाच्या सदऱ्याचें?

चांगल्या बिऱ्हाडाचें फळ भारतांत पूर्वींच दिसलेलें आहे. निलगिरीवरील कूनूर येथें डॉ. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनीं शीख, पठाण, मराठे इत्यादिकांचे आहार उंदरांस घालून त्यांची तुलना केली. त्यांच्या मूळ वसाहतींतील सुमारें हजार उंदरांस स्वच्छता, सूर्यप्रकाश, मोकळी हवा आणि उत्तम अन्न मिळे. सव्वादोन वर्षांत त्यांतील मोठ्या उंदरांपैकीं एकही नैसर्गिक कारणानें मेला नाहीं, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे.

कायद्यानेंही या बाबींत लक्ष घातलेलें आहे. १९५९ सालीं इंग्लंडांत रसेल व बर्च यांनीं तीन सूत्रें मांडलीं: जेथें शक्य तेथें प्राण्यावांचून काम करावें, लागतील तितकेच प्राणी वापरावे, आणि त्यांचें दुःख कमी करावें. भारतांत १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद केली. १९९८ च्या नियमांनीं संस्थांची नोंदणी व पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. तथापि नियम हा पिंजऱ्याचें माप सांगतो. पिंजऱ्यांत रोज वांकून पाहावयाचें काम माणसाचेंच राहतें.

किन्हीराजाचा शेतकरी येथें एक रास्त शंका घेईल. जो उंदीर पोतें फोडतो त्याला आपण विष घालतों. मग त्याच्याच भावास मऊ बिछाना कशासाठीं? शिवाय प्रयोग संपल्यावर त्या भावाच्या नशिबींही बहुधा मरणच असतें, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. उत्तर असें कीं, शेतांतील उंदीर आपलें बीळ स्वतः खणतो, विषाचा वास घेतो, पळून जातो. प्रयोगशाळेंतील उंदरास यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. त्याचा उजेड, त्याचें अन्न, त्याची सोबत आणि त्याचा शेवटही माणसाच्या हातीं आहे. ज्याच्याकडून एवढें घ्यावयाचें, त्याच्या पिंजऱ्यांत मूठभर कागदाच्या पट्ट्या टाकण्यास फारसा खर्च येत नाहीं. उरलेलें काम तो रात्रींतून स्वतःच करून ठेवतो.