आधी मुलाचं पाऊल, मग डफ

बालवाडीच्या वर्गात डफ वाजू लागला की पहिल्या अर्ध्या मिनिटात जे दिसतं, त्यावरून मोठी माणसं बहुतेकदा चुकीचा निष्कर्ष काढतात. वीसेक मुलं गोलात चालायला लागतात. डफाचा ठोका मिनिटाला ८०च्या आसपास, मोठ्या माणसाला निवांत वाटेल असा. दोन-तीन मुलांची पावलं ठोक्यावर पडतात, बरीचशी पुढे पळतात, एखादं थांबून शेजारच्याच्या पायांकडे बघतं, एखादं जागच्या जागी उड्या मारतं. बघणारा म्हणतो, यांना अजून लय कळत नाही. पण घटकाभर डफाकडे दुर्लक्ष करून पुढे पळणाऱ्या मुलाचे नुसते पाय पाहावेत. त्याची पावलं बरीचशी सारख्या अंतराने पडत असतात. डफाशी जमत नसलं तरी त्याची स्वतःची लय चालू असते. माझं सगळं म्हणणं या निरीक्षणावर उभं आहे. लहान मुलाला लय शिकवायची तर शिकवणाऱ्याने आधी मुलाच्या लयीत जायला हवं आणि तिथून त्याला बोट धरून दुसऱ्या लयीत आणायला हवं. बहुतेक वर्गांत हे उलट्या क्रमाने होतं.

मराठीत 'लय' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. 'लय धरली' म्हणताना ठोक्यांमधलं सारखं अंतर मनात असतं, 'लय वाढवली' म्हणताना गती. मुलांच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात, कारण त्या एकाच वेळी येत नाहीत. सारख्या ठोक्याची जाण फार लवकर येते. नवजात बाळांना झोपेत तालवाद्याचा ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तपासणारा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आवर्तनातला महत्त्वाचा ठोका गाळला की तो गळल्याची नोंद त्या लहरींत उमटत होती. गती बदलणं मात्र उशिरा जमतं. तीन-चार वर्षांच्या मुलाची आपसूक चाल मोठ्यांपेक्षा बरीच जलद असते. पाय आखूड, पावलं छोटी, आणि एका पायावर तोल सांभाळायची ताकद अजून यायची असते. डफ संथ झाला की मुलाला एक पाय जास्त वेळ अधांतरी ठेवावा लागतो, आणि तिथेच ते कोलमडतं. आपण त्याला 'घाई करतोय' म्हणतो. खरं तर ते पडू नये म्हणून पाऊल टाकत असतं.

एमील झाक-दालक्रोझ १८९२ मध्ये जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात हार्मनी शिकवू लागले, तेव्हा त्यांचे विद्यार्थी प्रौढ होते आणि वाद्यावर त्यांचा हात चांगला होता. तरी अनेकांना ठोका सांभाळता येत नव्हता. तीच माणसं रस्त्याने चालताना मात्र बिनचूक सारखी पावलं टाकत. दालक्रोझ यांनी ती चालच शिक्षणाचा पाया केली आणि विद्यार्थी चालत असताना पियानोवर ऐनवेळी सुचेल ते वाजवलं. हीच रीत बालवाडीत आणायला डफ किंवा खंजिरी पुरते. शिक्षिका एका मुलाला चालायला सांगते आणि त्याच्या पावलावर ठोका देते. मुलाच्या लक्षात येतं की आपण थांबलो की डफ थांबतो, पळालो की पळतो. त्या क्षणी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आजवर बाहेरून येणारा ठोका आता त्याच्या पायातून निघालेला असतो. त्यानंतर तिने ठोका किंचित ओढला तरी मूल त्यामागे येतं, कारण दोघांचं आधीच जुळलेलं असतं.

संथ लयीसाठी आणखी एक युक्ती लागते. 'हळू चाला' म्हटलं की मुलं आवाज न करता, पण तितक्याच गतीने चालतात. या वयात हळू आवाज आणि हळू गती यांची गल्लत होते. आपल्या भाषेतही दोन्हींना 'हळू'च म्हणतात, म्हणून त्यात मुलांची चूक नाही. सांगण्यापेक्षा दोन ठोक्यांमधली पोकळी भरायला काहीतरी द्यावं. ओढणी वर उडवून ती खाली येईपर्यंत पुढचं पाऊल टाकायचं नाही, किंवा हातात पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी आहे असं समजून चालायचं. विलंबित एकताल गाणारा गायकही हेच करतो: लांबलचक मात्रेचे मनातल्या मनात भाग पाडतो, रिकामं अंतर तोलून धरत बसत नाही. चार वर्षांच्या मुलाला मनात भाग पाडता येत नाहीत, म्हणून ते हातांनी आणि ओढणीने पाडायचे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ठोका अचूक हवा तर यंत्र वापरा. मोबाइलमधला मेट्रोनोम कुठल्याही शिक्षिकेपेक्षा नेमका असतो. नेमका असतो, हे मान्य. पण किर्श्नर आणि टोमासेलो यांनी २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना समोर बसलेल्या माणसाबरोबर, ढोल वाजवणाऱ्या यंत्राबरोबर आणि नुसत्या ध्वनिक्षेपकातल्या आवाजाबरोबर वाजवायला दिलं, तेव्हा मुलांचा ठोका माणसाबरोबर सर्वांत चांगला जुळला. या वयातलं मूल ठोक्याशी जुळण्याआधी वाजवणाऱ्याशी जुळत असतं. शिवाय यंत्र मुलाकडे येत नाही, आणि सुरुवातीला नेमकं तेच हवं असतं. दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो: आपल्याकडे मात्रा मोजून, हातावर टाळी-खाली देऊन ताल शिकवतात, खेळाची गरज काय? पण टाळी देणं ही शरीराचीच क्रिया आहे, आणि मोजण्याआधीची पायरीही आपल्याकडे आहेच. ती अंगणात होती. फुगडीत दोघींचे हात एकमेकींत गुंतलेले, भार मागे टाकलेला. एकीचं पाऊल चुकलं तर दोघींचा तोल जातो. गती वाढते ती हातांच्या ओढीतून, मात्रा कुणी मोजत नाही. झिम्म्यातली टाळी शेजारणीच्या हाताला लागली तरच वाजते. ताराबाई मोडकांनी बोर्डीला शाळाच मुलांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी उभी राहिली. लयीच्या बाबतीतही असंच मुलांच्या अंगणात जायला हवं.

ठोका धरता येणारी मुलं वाचनपूर्व कौशल्यांतही पुढे असतात, असा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. पालकांना पटवायला तो सोयीचा असला तरी एकामुळेच दुसरं घडतं हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि या कामाला तसल्या उसन्या कारणाची गरजही नाही. त्यापेक्षा 'याला तालाचं अंगच नाही' हा शेरा जास्त काळजीचा वाटतो. तो चौथ्या-पाचव्या वर्षी सहज मारला जातो आणि मग ते मूल स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभं राहतं. ठोका ज्यांना खरोखरच जाणवत नाही अशी माणसं फार विरळा. मागच्या रांगेतल्या बहुतेक मुलांच्या पावलावर कधी कुणी डफ वाजवलेलाच नसतो.

काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटं हा खेळ झाला की शिक्षिकेने एक गोष्ट करून पाहावी. सगळी मुलं एका लयीत चालत असताना डफावरचा हात उचलून घ्यावा आणि चार ठोके वाजवूच नयेत. सुरुवातीला मुलं डफाबरोबर थांबतील, तिच्याकडे बघतील. चालत राहायचं, असं तिने नुसत्या मानेने सुचवावं. पुढे एखाद्या दिवशी डफ थांबेल आणि फरशीवर अनवाणी पावलांचा आवाज चालू राहील, थोडा विस्कळीत, पण चालू. पाचव्या ठोक्याला हात खाली आणताना तिने त्या पावलांकडे कान द्यावा आणि ती जिथे पडताहेत तिथेच डफ वाजवावा.