आधी सभापती, मग खातं

जिल्हा परिषदेत गाजते ती अध्यक्षाची निवडणूक. बसून बघावी ती विषय समित्यांच्या सभापतींची. वर्ध्यात ती मी पत्रकारांच्या बाकावरून पाहिली आहे. अध्यक्षपद कोणत्या प्रवर्गाला, हे राज्यातल्या ३४ जिल्हा परिषदांसाठी मुंबईतल्या सोडतीतच ठरतं. तिथे स्थानिक हुशारीला वाव नाही. ती सगळी राखून ठेवलेली असते सभापतींच्या चार जागांसाठी.

सभा जिल्हाधिकारी बोलावतात, पीठासीन अधिकारी त्यांनीच नेमलेला. अर्ज, छाननी, आणि मग माघारीसाठी थोडा वेळ. खरा खेळ याच वेळात. सहलीवर नेऊन ठेवलेले सदस्य गाडीतून थेट दारात उतरलेले असतात, गटनेता व्हरांड्यात फोन कानाला लावून येरझारा घालतो. माघारीचा कागद सही करून तयार, पण खिशातच.

"घेतं का नाही बाप्पा मागं?"

"भाऊचा फोन तं येऊ द्या!"

फोन आला की अर्धी निवडणूक बिनविरोध. नाही आला तर हात वर करून मतदान. चिठ्ठीची आड नसल्यामुळे व्हिप मोडणारा भर सभागृहात दिसतो, आणि पक्षांतरबंदीचा कायदा इथेही लागू आहे. मतं समसमान पडली तर मात्र चिठ्ठीच.

१९६१ च्या कायद्याने दोन खुर्च्यांची नावं आधीच लिहून ठेवलीत: समाजकल्याणला मागासवर्गीय सदस्य, महिला व बालकल्याणला महिला. उरलेले दोघे नुसतेच 'सभापती' म्हणून निवडून येतात. हार पडतात, गुलाल उधळतो, पण कशाचे सभापती हे त्या दिवशी त्यांनाही अधिकृतपणे सांगता येत नाही. विषय पुढच्या सभेत वाटले जातात. उपाध्यक्षही त्याच रांगेत, त्यालाही समित्या हव्यात.

बांधकाम आणि अर्थ ही जोडी सगळ्यांना हवी. रस्ते तिथे, टेंडरंही तिथेच. कृषी-पशुसंवर्धन मिळालेला माणूस हसतो, पण पेढा अर्धाच खातो. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात हे मला कधीच पटलेलं नाही. शिक्षण-आरोग्याला मान मोठा, शिवाय गुरुजींच्या बदल्यांसाठी दारात गर्दी. बदल्या ऑनलाइन झाल्यापासून तीही ओसरली.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. मग दहाही समित्यांचे विषय मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या एकाच टेबलावर गेले. त्यासाठी कुणाला सहलीवर न्यावं लागलं नाही.