सील बदलले, तरी गळती का थांबत नाही?

भोसरीच्या लहान कारखान्यातून सुटे भाग भरायचे आणि चाकणच्या मोटार कंपनीत नेऊन टाकायचे, अशा दिवसाला दोन-तीन खेपा करणारे कितीतरी जुने ट्रक आपल्या भागात आहेत. अंतर फार नाही. पण मोशीपासून चाकणपर्यंतच्या कोंडीत पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला, असाच प्रवास चालतो. बहुतेक वेळा चालक हाच मालक असतो. गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्याची खेप बुडते आणि तिकडे माल वेळेवर पोहोचत नाही. अशा मालकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘‘गिअरबॉक्सचे सील तीनदा बदलले, तरी तेल गळतेच आहे.’’ ही गळती का थांबत नाही, ते आज पाहू.

प्रथम थेंबांचा हिशेब करू. दर दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल, तर दहा तासांत ३,६०० थेंब पडतात. तेलाचे साधारण वीस-बावीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. म्हणजे दिवसाला दीडशे मिलिलिटरच्या वर आणि आठवड्याला एक लिटरहून अधिक तेल गेले! गिअरबॉक्समध्ये पाच-सहा लिटर तेल मावत असेल, तर महिनाभर दुर्लक्ष केल्यावर बेअरिंग आणि दातेरी चक्रे कोरडी पडू लागतात. पुढच्या बाजूचे सील गळत असेल, तर तेल क्लच प्लेटवर जाते आणि भरलेली गाडी चढावर ओढत नाही. रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून पहिल्या पावसात दुचाकी घसरते, आणि उरलेले नाल्यावाटे पवनेला किंवा इंद्रायणीला मिळते. तेव्हा ‘थोडेसेच तर गळतेय’ हे म्हणणे परवडणारे नाही.

आता शोध कसा घ्यायचा? थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते, हा मोठा गैरसमज आहे. तेल उतारावरून ओघळते, गाडी चालू असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि सर्वांत खालच्या बोल्टच्या टोकाशी जमून तिथून टपकते. म्हणून आधी तेल ओळखावे. इंजिनचे वापरलेले तेल काळे असते. गिअरचे तेल अधिक दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. क्लचच्या घरातून काळे तेल टपकत असेल, तर दोष बहुधा इंजिनच्या मागच्या सीलचा असतो. तिथे गिअरबॉक्स उतरवून त्याचे सील बदलण्यात मजुरी वाया जाते.

तेल ओळखले, की गिअरबॉक्स बाहेरून स्वच्छ धुवावा आणि पूर्ण कोरडा करावा. वर्षानुवर्षांचा चिकटा निघाल्याशिवाय काहीच कळत नाही. कोरड्या भागावर खडूची पूड फुंकावी, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी आणि खड्ड्यावर घेऊन विजेरीने पाहावे. पांढऱ्या पुडीवर सर्वांत वर जिथे ओल दिसेल, तिथून गळतीची सुरुवात.

समजा, गळती खरोखरच सीलपाशी आहे. तरीही लगेच सील बदलू नये, कारण अनेकदा दोष सीलचा नसतोच. ऑइल सील म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेली रबराची पातळ ओठासारखी कड. मागे बारीक स्प्रिंग असते, ती या कडेला फिरत्या शाफ्टवर हलके दाबून धरते. ही कड तेल अडवते. पण आतून हवेचा दाब आला, तर तिचा निभाव लागत नाही.

हा दाब येतो कुठून? गिअरबॉक्सच्या माथ्यावर ब्रीदर नावाचे छोटे श्वासछिद्र असते. सकाळी सत्तावीस अंशांवर असलेला गिअरबॉक्स दुपारी नव्वद अंशांपर्यंत तापला, तर बंद जागेतील हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. ब्रीदर मोकळा असेल, तर ही हवा निघून जाते. पावसाळ्यातल्या चिखलाने किंवा वरून मारलेल्या रंगाने तो बुजला असेल, तर हवा सीलमधून वाट काढते आणि तेलाला सोबत घेऊन जाते. अशा गाडीत कितीही सील बदला, नवे सीलही गळणारच. ब्रीदर साफ करायला पाच मिनिटे लागतात, म्हणून सुरुवात तिथून करावी. तेलाची पातळीही पाहावी. सपाट जागेवर, गाडी थंड असताना, बाजूच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल हवे. ‘गळतेच आहे, थोडे जास्त भरू’ असे केले, तर गळती वाढते.

दुसरे कारण शाफ्टवरची खाच. लाखो किलोमीटर चाललेल्या गाडीत रबराची कड पोलादावरही चर पाडते. नखाला तो चर लागत असेल, तर नव्या सीलची कड नीट टेकत नाही. अशा वेळी सील थोडे पुढे-मागे बसवून कड न झिजलेल्या जागी आणता येते, किंवा शाफ्टवर पोलादाची पातळ नळी चढवता येते.

तिसरे कारण बेअरिंगचा प्ले. मागची फ्लँज हाताने वर-खाली हलवून पाहावी. ती हलत असेल, तर शाफ्ट फिरताना डोलतो आणि सीलची कड एका बाजूने उघडी पडते. तिथे आधी बेअरिंग बदलायला हवे. शाफ्टचे जॉइंट झिजल्यानेही असे हादरे बसतात.

हे सगळे ठीक असेल, तर सील बदलावे. स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी, कडेला आधी तेल लावावे आणि सील हातोड्याने एका बाजूने न ठोकता सगळीकडून सारखे दाबावे. पॅकिंग बदलताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. फार आवळल्यास पत्रा वाकतो आणि तिथूनच पुन्हा तेल येते. गळती थांबवणारी बाजारातली औषधे रबर फुगवून काही दिवस काम भागवतात. पण शाफ्टची खाच त्यांनी भरत नाही.

आपल्याकडचे जुने ट्रक हाताने गिअर टाकण्याचे. पुण्यातच तयार झालेली, १९८६ साली आलेली टाटा ४०७ त्याच पठडीतली. पण खाणींतील मोठे डंपर आणि काही शहर बस यांत स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. तिथे तेल वंगणाचे काम करतेच, शिवाय इंजिनची शक्ती पुढे पोहोचवते, आतले क्लच दाबते आणि उष्णता वाहून नेते. म्हणून त्यात थोडे तेल कमी झाले, तरी क्लच घसरून जळतात. हे तेल बहुधा लाल असते. त्याची पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना पाहतात. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. तेल जास्त भरले, तर त्याला फेस येऊन ते श्वासछिद्रातून बाहेर पडते आणि गळतीचा भास होतो. गळती शोधताना खालच्या तबकाचे पॅकिंग, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या आणि पुढच्या पंपाचे सील या तीन जागा आधी पाहाव्यात. रेडिएटरच्या पाण्यात गुलाबी दुधाळ थर दिसला, तर आतला कूलर फुटला आहे असे समजून गाडी तिथेच थांबवावी.

काढलेले जुने तेल गटारात ओतू नये. पुनर्प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे द्यावे. आणि मिस्त्रींना नवे सील बसवायला सांगण्यापूर्वी ‘आधीचे का गेले?’ एवढे जरूर विचारावे. उतरवलेले सील हातात घेऊन पाहावे : कड एका बाजूने झिजली असेल, तर बेअरिंगकडे बोट जाते, रबर कडक होऊन तडकले असेल, तर उष्णतेकडे, आणि सील ठीकठाक असेल, तर आधी ब्रीदर पाहावा.