पावसाळाभर उभी राहणारी मोटारसायकल आणि तिची टाकी

मे महिन्यात गावभर फिरवलेली मोटारसायकल चाकरमानी मुंबईला निघताना पडवीत लावतो आणि थेट गणपतीला तिला किक मारतो. टाकीत तेव्हा बहुधा रिझर्व्हपुरतंच पेट्रोल असतं. गाडी उभीच राहणार, मग पैसे कशाला अडकवायचे, असा हिशेब. टाकी आतून गंजते ती याच हिशेबामुळे.

टाकी असते पोलादी पत्र्याची. बाहेरून रंग असतो, पण आतला पत्रा बऱ्याच जुन्या गाड्यांत उघडाच. पेट्रोलमध्ये बुडालेल्या पत्र्याला सहसा काही होत नाही. गंज धरतो तो वरच्या रिकाम्या भागाला आणि अगदी तळाला. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. दिवसा टाकी तापली की आतली वाफ बाहेर पडते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा पत्र्याला आतून फुटतो. थेंब ओघळून तळाशी जातात, कारण लिटरभर पेट्रोल भरतं साधारण पाऊण किलो आणि पाणी एक किलो. चासीच्या दांडीवर बसण्यासाठी टाकीचा तळ दोन्ही बाजूंना खाली उतरलेला असतो. त्या खोलगट कोपऱ्यांत पाणी साचतं, आणि पत्र्याला भोकही बहुतेक वेळा तिथेच पडतं.

त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते थोडंसं पाणी इंजिनात निघून जातं. उभ्या गाडीत मात्र ते वाढत गेलं, तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. हा थर पत्रा खातो.

म्हणून हवेला जागाच ठेवायची नाही. निघण्याआधीची शेवटची फेरी पंपावर मारा आणि टाकी भरा. उन्हात पेट्रोल फुगतं, तेवढी बोटभर जागा मात्र सोडा. घरी आल्यावर पेट्रोल कॉक बंद करा. इंजिन गार झालं की मोकळ्या जागेत कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढून घ्या, नाहीतर ते सुकून चिकट होतं आणि जेट बुजतो. इंजेक्शनच्या गाडीला ही वाटी नसते. तिथे भरलेली टाकी पुरे.

झाकणाकडे फार कमी लोक बघतात, आणि पावसाचं पाणी येतं ते तिथूनच. रबरी वॉशर कडक झाला असेल, त्याला चिरा पडल्या असतील, तर बदला. टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसणारं झाकण असेल, तर त्याच्या कडेला पाणी जाण्यासाठी एक छिद्र असतं आणि त्याची नळी गाडीखाली उतरते. ती मातीने तुंबली की झाकणाभोवती तळं होतं. झाकण बंद ठेवून कडेला चमचाभर पाणी ओता. ते खाली ठिबकलं नाही, तर नळी साफ करून घ्या. गाडीवर प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. जाड सुती चादर बरी.

घरच्यांना दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करायला सांगण्याचा उपयोग नाही. टाकी त्याने भरलेली राहत नाही, आणि इंजिन नीट न तापल्याने सायलेन्सरमध्ये पाणी धरतं ते वेगळंच. कोणी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणणार असेल, तरच चालू करावी.

गाडी सहा महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल, तर पेट्रोलच शिळं होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत मग टाकी रिकामी करून पूर्ण वाळू द्या, आत थोडं टू-टी ऑइल घाला आणि टाकी उतरवून सगळीकडून फिरवा. पत्र्यावर तेलाचा पातळ थर बसतो. पुढे पेट्रोल भरल्यावर हे तेल त्यात सहज मिसळतं. टाकीतच पंप असलेल्या गाडीत हा प्रयोग करू नका.

गणपतीला आल्यावर किक मारण्याआधी कॉकची नळी काढून कपभर पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळे थेंब दिसले तर ते पाणी. तांबूस भुकटी दिसली तर तो गंज. भुकटी असेल तर गाडी चालू न करता टाकी उतरवून मेस्त्रीकडे द्या.