थरथरणारे स्टिअरिंग आणि गंजणारा पत्रा

मोटार जुनी झाली की तिच्या दोन तक्रारी हटकून सुरू होतात. ठरावीक वेगाला स्टिअरिंग हातात थरथरू लागते, आणि पत्र्यावरचा रंग फुगून त्याखालून तांबूस भुगा डोकावू लागतो. पहिली तक्रार पदार्थविज्ञानाची आणि दुसरी रसायनशास्त्राची, असे तुम्ही म्हणाल. पण या दोघींचे नाते बरेच जवळचे असू शकते. ते कसे, हे आपण पाहू.

उदाहरण म्हणून ओळखीची गाडी घेऊ. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. तिलाच पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तरी हौशी मंडळींनी अजून ती जपून ठेवली आहे.

तीस ग्रॅमची करामत

चाकाच्या रिमला आतून चिखलाचा एक गोळा चिकटला आहे, असे समजा. त्याचे वस्तुमान ३० ग्रॅम, म्हणजे मूठभरही नाही. चाकाच्या मध्यापासून तो १८ सेंटिमीटरवर आहे. टायरसकट चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरू. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर धावत असेल, तर चाक सेकंदाला जवळजवळ १२ फेरे घेते.

या गोळ्याला वर्तुळात फिरत ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल काढा. सूत्र तुम्हाला माहीत आहेच: वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. उत्तर सुमारे ३० न्यूटन येते. म्हणजे तीस ग्रॅमचा गोळा चाकाच्या आसाला तीन किलो वजनाइतका हिसका देतो, तोही सेकंदाला बारा वेळा आणि दर क्षणी दिशा बदलून! वेग निम्मा केला तर हे बल एकचतुर्थांश होते. म्हणूनच गावातल्या रस्त्यावर गाडी शांत असते आणि हमरस्त्यावर थरथरते.

पण मग एक कोडे उरते. पुष्कळ गाड्या ८० च्या आसपास थरथरतात आणि वेग आणखी वाढवला की शांत होतात. बल वाढले असता थरथर कमी का व्हावी?

याचे उत्तर अनुस्पंदनात आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्के दिले, तर छोट्या धक्क्यांनीही तो उंच जातो. लय चुकवून दिलेले धक्के वाया जातात. चाक, स्प्रिंग, टायर आणि स्टिअरिंगचे दांडे यांचीही मिळून एक स्वाभाविक कंप्रता असते. चाकाचे फेरे त्या कंप्रतेशी जुळले की थरथर शिगेला पोहोचते. वेग त्यापुढे गेला की लय सुटते आणि थरथर ओसरते. पण हिसका नाहीसा झालेला नसतो, उलट वाढलेला असतो, आणि बेअरिंग व सांधे तो निमूटपणे सोसत असतात. "वेग वाढवला की बरे वाटते" हा उपाय नव्हे, हे लक्षात ठेवा.

लक्षणे काय सांगतात?

वैद्य नाडी पाहण्याआधी प्रश्न विचारतो. आपणही तसेच करू. थरथर एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येते आणि हाताला जाणवते का? मग पुढच्या चाकाचा तोल गेला असण्याचा संभव जास्त. हाताऐवजी बैठकीला जाणवते? मग मागची चाके तपासा. फक्त ब्रेक दाबल्यावर येते? मग ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क सारखी उरलेली नाही. अगदी हळू चालवतानाही गाडी डुलते? टायरला फुगवटा आला असेल किंवा खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल. गाडी न थरथरता एकाच बाजूला ओढते? मग आधी टायरमधली हवा पाहा, नंतर चाकांचे अलाइनमेंट. तोल आणि अलाइनमेंट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत फार होते.

याखेरीज मेकॅनिक चाक उचलून हाताने हलवून पाहतो. चाकात खडखड लागली, तर बेअरिंग किंवा स्टिअरिंगचे सांधे झिजलेले असतात. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर आणूच नये. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये.

थेंबातला विद्युतघट

आता गंजाकडे वळू. लोखंडावर खाऱ्या पाण्याचा थेंब पडला की गंज कोठे सुरू होईल? हवा भरपूर मिळते त्या कडेला, असे वाटणे साहजिक आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी थेंबाच्या साध्या प्रयोगाने याच्या उलट दाखवून दिले. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन जास्त आणि मध्याखाली कमी असतो. त्यामुळे मध्यभाग धनाग्र बनतो. तेथील लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळते. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी यांच्याशी त्यांची क्रिया होते. म्हणजे थेंब हा एक छोटा विद्युतघटच झाला! जेथे हवा कमी पोहोचते, तेथेच धातू खाल्ला जातो.

मडगार्डच्या आत साचलेला चिखल, दाराचा तळ, दोन पत्र्यांच्या जोडातली फट या जागा आधी का सडतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. पाण्यातले मीठ हा घट अधिक जोमाने चालवते. म्हणून कोकण किनाऱ्यावरच्या गाड्या लवकर गंजतात. शिवाय पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. तिचा गंज केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. स्टिअरिंग आणि स्प्रिंगा ज्या पत्र्याला धरून असतात, तोच कुजला तर प्राणावर बेतेल.

दोन तक्रारी, एक कारण

चाक ज्या हबवर बसते तेथेही गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे त्याचे पापुद्रे उठतात. हबचा व्यास १४ सेंटिमीटर धरा, आणि एका कडेला अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा आहे असे समजा. चाक तेवढे तिरके बसेल आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर हा फरक सुमारे २ मिलिमीटर होईल. गॅरेजच्या यंत्रावर चाकाचा तोल अचूक आला, तरी गाडीवर चढवल्यावर ते वाकडेच फिरणार. मालक टायर बदलतो, पैसे जातात, थरथर मात्र तशीच राहते.

म्हणून एका वेळी एकच बदल करावा. आधी रिममधला चिखल काढा आणि गाडी चालवून पाहा. मग चाक उतरवून हब तारेच्या ब्रशने घासा, तेच चाक परत बसवा आणि पुन्हा पाहा. मग पुढचे चाक मागे लावा. थरथर हातातून बैठकीत गेली, तर दोष चाकात आहे. हातातच राहिली, तर तो पुढच्या हबमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये. हब घासणे आणि चाक बदलणे एकदमच केले, तर गुण कशाचा आला हे कळणारच नाही.

गंजावर उपाय

पेचकसाच्या टोकाने पत्रा टोचून पाहा. घट्ट लागला तर गंज वरवरचा आहे. तो घासून चमकता धातू वर आणावा, फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावून उरलेल्या गंजाचे फॉस्फेट करावे, आणि कोरड्या पत्र्यावर जस्ताचा प्रायमर व रंग द्यावा. जस्त स्वतः आधी विरघळते आणि लोखंडाला वाचवते. टोक आरपार गेले, तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्डिंग करण्याला पर्याय नाही. भोकावर पुट्टी भरल्याने ते दिसेनासे होते, पण आत ओल राहून गंज वाढतच जातो. पावसाळ्यानंतर गाडी खालून धुवावी आणि दारांच्या तळाची निचऱ्याची भोके मोकळी करावीत.

शाळेत करून पाहा

घासलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा. त्यात फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे किंचित द्रावण मिसळलेले असावे. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. काही वेळाने थेंबाची कड गुलाबी आणि मध्य निळा दिसू लागेल. निळा रंग विरघळलेले लोह दाखवतो, गुलाबी रंग अल्क. नंतर सायकल उलटी उभी करून चाकाच्या आऱ्यांना ओल्या मातीचा गोळा बांधा. चाक सोडताच गोळा खाली येऊन थांबेल. आता त्याच्या बरोबर समोर दुसरा गोळा लावा आणि चाक कोठेही थांबेपर्यंत त्याची माती कमी-जास्त करा. गॅरेजमध्ये रिमला शिशाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे लावतात, ते याचसाठी.