नव्या माणसाला काम शिकवायचे कुणी?

छोट्या दुकानात नवा माणूस लागला की ‘बघून बघून शिकेल’ असे म्हणून मालक मोकळा होतो. पण बघून फक्त हाताची हालचाल कळते, तिच्यामागचे कारण कुणीतरी सांगावे लागते. औषधांचे दुकानच घ्या. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवतात, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी दिसते. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायचे आणि बर्फाच्या कप्प्याला लागून गोठले तर विकायचे नाही, हे मात्र त्याला दिसत नाही. शेड्यूल एच-१मधली औषधे देताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते रजिस्टर ३ वर्षे जपायचे, हा नियम २०१४पासून आहे. संध्याकाळच्या गर्दीत ही नोंद राहून गेलेली त्याने दोनदा पाहिली, तर त्याच्या लेखी तीच दुकानाची रीत ठरते.

‘शिकवायला वेळ कुणाला आहे?’ ही अडचण खरी आहे. पण शिकवण्याची रीतसर पद्धत घाईतूनच आकाराला आली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या जहाजबांधणी गोद्यांना हजारो अननुभवी कामगार झटपट तयार करायचे होते. त्या कामात असलेल्या चार्ल्स अ‍ॅलन यांनी १९१९ साली पुस्तकात चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याची तयारी, काम दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि तपासणे. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरच सगळे थांबते. स्टॉकिस्टकडून आलेला खोका नव्याच्या हाती द्या, बिलावरचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी पाकिटांशी ताडून घ्यायला लावा, शेजारी उभे राहा. चुकला तर तिथेच सांगा, पण गिऱ्हाइकासमोर नको.

‘शिकला की दुसरीकडे जाईल’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पगारच तुटपुंजा असेल तर नुसत्या शिकवण्याने कुणी टिकणार नाही, हे मान्य करावे. पण न शिकलेला माणूस टिकला तरी त्याच्या चुका दुकानालाच भोवतात. शिवाय ईएसआय साधारणपणे १० आणि पीएफ २० माणसांपासून लागू होतो. त्यामुळे चार-पाच जणांच्या दुकानात नोकराचा सगळा भरवसा मालकाच्या शब्दावर असतो. पगाराची तारीख, साप्ताहिक सुट्टी आणि अडले तर कुणाला विचारायचे, एवढे तरी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. आणि पहिले काही आठवडे दुकान उघडण्याआधीचा अर्धा तास त्याच्यासाठी राखून ठेवा.