बंदुकीवरचा गरुड आणि बंदूक धरणारा हात

अमेरिकेत जुन्या लष्करी बंदुका जमविणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. त्यांचा विशेष ओढा असतो तो यादवी युद्धाच्या (१८६१-६५) आगेमागे बनलेल्या, टोपीवर उडणाऱ्या ठासणीच्या रायफलींकडे. हा श्रीमंतांचा षोक आहे, असे म्हणून आपण तो सोडून देऊ शकतो. पण तसे करू नये. कारण या बंदुकांवर गुलामगिरीचा सारा इतिहास कोरलेला आहे. फक्त तो वाचणारी नजर हवी.

आधीची बंदूक चकमकीच्या दगडावर चाले आणि पावसात दगा देई. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. पुढे त्यातून तांब्याची छोटी टोपी आली. घोडा टोपीवर आपटतो, आतले स्फोटक पेटते आणि ठिणगी नळीतल्या दारूपर्यंत जाते. अमेरिकन सैन्याने १८४० च्या दशकात ही पद्धत स्वीकारली.

जाणकार संग्राहक प्रथम घोड्याजवळची लोखंडी पट्टी पाहतो. तिच्यावर गरुड, 'यू.एस.' ही अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल असते. मग तो लाकडी दस्त्यावर तपासनिसाच्या आद्याक्षरांचा शिक्का शोधतो. बंदूक घासूनपुसून चकचकीत केली की तिची किंमत पडते. युद्धानंतर अनेक बंदुकांच्या नळ्या कापून व आतला पीळ काढून त्या शिकारीसाठी वापरल्या गेल्या. म्हणून मूळ स्थितीतील नग मोलाचा. खोटे शिक्के मारून फसविणारेही आहेतच.

पण हे शिक्के काय सांगतात? १८४१ च्या नमुन्याच्या रायफलीला 'मिसिसिपी' म्हणतात, कारण मेक्सिकोच्या युद्धात जेफरसन डेव्हिसच्या मिसिसिपी रेजिमेंटने ती वापरली. हाच डेव्हिस पुढे गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष झाला. याच रायफलीच्या अनेक नगांवर व्हिटनी हे नाव आहे. थोरल्या एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र बनविले. त्यामुळे कापूस फायद्याचा झाला आणि कापसाबरोबर गुलामांची मागणीही वाढली. त्याच घराण्याच्या कारखान्यातून ही रायफल निघाली.

काही नगांवर हार्पर्स फेरी हे नाव दिसते. गुलामांना शस्त्रे देऊन मुक्त करावे म्हणून १८५९ च्या ऑक्टोबरात जॉन ब्राउनने याच सरकारी शस्त्रागारावर चढाई केली. त्याच्या सोबत्यांत पाच कृष्णवर्णीय होते. २ डिसेंबरला त्याला फाशी झाली. युद्धात दोन्ही बाजूंनी इंग्लंडची एनफिल्ड रायफलही विकत घेतली. हीच ती रायफल, जिच्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ चा भडका उडाला.

त्याच १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश टॅनी यांचा युक्तिवाद वकिलांनी तरी विसरू नये. कृष्णवर्णीयांना नागरिक मानले तर त्यांना मुक्त संचार, भाषण, सभा आणि शस्त्र बाळगणे हे सारे हक्क द्यावे लागतील, म्हणून ते नागरिक नाहीत! हक्क नाकारायचा म्हणून माणूसपणच नाकारायचे, असा हा उलटा न्याय.

अवघ्या सहा वर्षांत काळ फिरला. १८६३ पासून कृष्णवर्णीयांच्या पलटणी मोठ्या प्रमाणावर उभ्या राहू लागल्या आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय केंद्राच्या सैन्यात दाखल झाले. फ्रेडरिक डग्लस यांची दोन मुले ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत होती. गरुडाचे बटण लावून खांद्यावर बंदूक घेतलेल्या माणसाचे नागरिकत्व कोणी नाकारू शकणार नाही, असे डग्लस सांगत होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापलेले. ५४ व्या पलटणीने असा अपुरा पगार घेण्यास नकार दिला. जून १८६४ मध्ये काँग्रेसला समान वेतन मान्य करावे लागले.

युद्ध संपल्यावर शिपायांना आपली बंदूक ६ डॉलरला विकत घेण्याची मुभा मिळाली. पण १८६५ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी राज्याने कायदा केला: सैन्यात नसलेल्या कृष्णवर्णीयाने परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. ज्या हाताने राष्ट्र वाचविले, तोच हात घरी परतताच गुन्हेगार ठरला. अखेर नागरिकत्व संविधानात लिहावे लागले, ते १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने. बंदुकीने लढाई जिंकली, पण माणूस म्हणून उभे राहायला कायदाच लागला. आणि तो कायदा राबवून घ्यायला पुढे आणखी शंभर वर्षे झगडावे लागले.

म्हणूनच संग्राहकांना एक प्रश्न विचारला पाहिजे. दस्त्यावरच्या तपासनिसाची आद्याक्षरे तुम्ही भिंग लावून वाचता. पण बंदूक पेलणाऱ्या हाताचा शोध कधी घेता? अनेक दक्षिणी राज्यांत गुलामाला अक्षर शिकविणे हाच गुन्हा होता. ज्याला अक्षरच मिळू दिले नाही, तो दस्त्यावर आपले नाव कसा कोरणार? तरीही त्याची नोंद आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कृष्णवर्णीय पलटणींच्या सेवानोंदी आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जपलेली आहेत. बंदुकीशेजारी हे कागदही मांडले जावेत. लोखंड जपणाऱ्यांनी माणूस गाळला, तर त्यांनी इतिहास जपला असे म्हणता येणार नाही.